दमेकरी सीपीयू

खोली दाखवायच्या आधी घरमालक काकांनी माझं सामान ऐकलं.

पाहिलं नाही, ऐकलं. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या बोळाच्या तोंडाशी टेंपो उभा, हमाल घाईला आलेला, ऊन असं की चपलेतून चटका बसावा, आणि हा सत्तरीकडे झुकलेला माणूस हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्या मिक्सरपाशी उकिडवा बसलेला. ओसरीतून वायर ओढून आणली होती. "जरा लावा की," म्हणाले. मी लावला. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक मिक्सरला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. "चालंल. रागीट हाय, पण चालंल." मग टेबलफॅन. "ह्यो गरीब हाय. ह्याचं काय न्हाय." मग माझा सीपीयू. तिथे मात्र ते इतका वेळ बसले की हमालाने बिडी पेटवली. शेवटी गुडघ्यांवर हात ठेवून उठले आणि म्हणाले, "ह्याला दमा हाय."

मी म्हटलं, "काका, भाड्याचं बोलू या का?"

"भाड्याचं हिला इचारा. माझ्याकडं आवाजाचं खातं."

तिथेच टेंपो माघारी वळवायला हवा होता. पण छापखाने सगळे त्याच भागात आणि माझं पोट छापखान्यांवर. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, शाळांचे पेपर, दहाव्याची कार्डं, जे येईल ते मी त्या कॉम्प्युटरवर जुळवून द्यायची. सकाळी तो सुरू झाला की दिवेलागणीपर्यंत चालू. मी तेव्हा एकटी राहत होते. का, ते सांगत बसले तर काका बाजूलाच राहतील.

काका मूळचे अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातले. पोरवयात सोलापूरला आले आणि सगळी हयात जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. पुढे स्वतःचे चार माग याच घरात पुढच्या बाजूला टाकले, आणि नंतर विकूनही टाकले. मी गेले तेव्हा ती जागा रिकामी होती. घरात ते कानडी बोलायचे आणि मशीनशीही कानडीच. माणसांशी मराठी. पाण्याची मोटर कुरकुरली की तिच्याकडे बघून "सुम्म कुंड्र" म्हणायचे. म्हणजे गप बस. मोटर काही गप बसायची नाही. एकदा मी विचारलं, "काका, मशीनशी कानडी का हो?" तर म्हणाले, "मशीन खोटं बोलत न्हाय. त्याच्यासंगं घरच्या भाषेत बोलाय हरकत न्हाय." म्हणजे आम्ही मराठीवाले सगळे लबाड. घ्या.

त्यांच्या कानांचं मला शेवटपर्यंत कोडं उलगडलं नाही. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभे राहिलेले कान, त्यामुळे समोर बसून बोललेलं ऐकू यायचं नाही. मी लाईटबिलाचं विचारावं, तर ते शेवग्याच्या शेंगांचं उत्तर द्यायचे. दारावरची कडी कुणी बडवली तरी ढिम्म. पण माझ्या खोलीत पेनाचं टोपण पडलं की बाहेरून आवाज यायचा, "काय पडलं?" बोळात सकाळपासून दोन्ही बाजूंना माग सुरू व्हायचे. पहिले काही दिवस माझे दात हलतायत असं वाटायचं मला. तसं मी बोलले, तर ते मान तिरकी करून खरंच ऐकायला लागले. "कुटं हाय आवाज?"

आणि मग त्याच आवाजातून एक धागा ओढून काढावा तसं म्हणायचे, "त्या कोपऱ्यावरच्या घरातला माग आज लंगडतोय."

एकदा मी मुद्दाम जाऊन त्या मागवाल्याला विचारून आले. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सांगितलं, काही लंगडत बिंगडत नाही. मी परत येऊन विजयी मुद्रेने काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "त्याला अजून कळंना." संपलं. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

काकू सांगायच्या तो अक्कलकोटचा किस्सा तर वेगळाच. स्वामींच्या दर्शनाला म्हणून दोघं एसटीने निघाले. कुंभारीच्या जरा अलीकडे काकांनी सीटखाली हात लावला, कान लावला, आणि उठून उभे राहिले. मागचं चाक बोलतंय म्हणे. कंडक्टर हसला, ड्रायव्हर चिडला, आणि काकांनी काकूंना हाताला धरून कुंभारीच्या फाट्यावर उतरवलं. दुसरी गाडी लवकर मिळेना. तेवढ्या वेळात ती बोलणाऱ्या चाकाची गाडी अक्कलकोटला जाऊन, माणसं भरून, परत आली आणि त्यांच्यासमोरून धुरळा उडवत सोलापूरकडे निघून गेली. "कंडक्टरनं हात बी केला," काकू म्हणायच्या. "हे म्हनत्यात, नशीब चांगलं हाय त्येंचं." हे सांगताना काकू हसायच्या, आणि हसताना त्यांना धाप लागायची, आणि धाप लागली की काका लगेच उठून उभे राहायचे.

आता ते सांगायलाच हवं. काकू लग्न होऊन आल्यापासून मागांच्या शेजारी बसून कांड्या भरत होत्या. धोट्यात घालायच्या सुताच्या छोट्या नळ्या असतात, त्या कांड्या. मागांच्या खोलीत सुताची लव सारखी उडत असते. ती वर्षानुवर्षं त्यांच्या छातीत गेली. डॉक्टरांनी फुप्फुसं कमजोर झाली म्हणून सांगितलं होतं. तोंडात मारायचा पंप कायम उशाला. मी येण्याच्या आदल्या वर्षी काका कुणाची तरी मोटर बघायला गेले असताना काकूंना मोठा झटका आला होता. काका परत आले तेव्हा ओठ निळे पडले होते. शेजाऱ्यांच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं, वाचल्या. तेव्हापासून काका चौकाच्या पुढे पाऊल टाकायचे नाहीत, आणि तेसुद्धा काकू जाग्या असतील तरच.

खरं तर त्यांना काकूंच्या खाटेशेजारी बसून बघत राहायचं होतं. पण काकूंना ते खपायचं नाही. "मला काय टीव्ही केलाय का, सारखं बघाय? जित्ती हाय मी. भाईर व्हा," असं म्हणून त्यांनी दाराला पडदा लावला आणि दुपारी आडवं झाल्यावर पडदा हलवायचा नाही असा दम भरला. काका मशीनला भ्यायचे नाहीत, ड्रायव्हरला भ्यायचे नाहीत, काकूंना भ्यायचे. मग त्यांनी त्यांच्या आणि माझ्या दारांच्या मध्ये, ओसरीत, एक लोखंडी खुर्ची टाकली. जेवण झालं की तिच्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि आतला श्वास ऐकायचे. तो चालू आहे म्हणजे सगळं ठीक.

आता घर कसं होतं ते लक्षात घ्या. माझ्या आणि काकूंच्या खोलीमधली भिंत वरपर्यंत गेलेलीच नव्हती. पत्र्याखाली हातभर जागा उघडी. भिंतीच्या पलीकडे काकूंची खाट, आणि अलीकडे माझं टेबल, टेबलाखाली माझा दमेकरी सीपीयू.

संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस होते. दुपारी काका खुर्चीत डोळे मिटून बसलेले, चेहरा अगदी निवांत. मी एका मुंजीच्या पत्रिकेतल्या मामा-मावश्यांची नावं बसवत होते. तेवढ्यात बोळाच्या दारातून काकू आत आल्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, पदराला हळदीचं बोट, हातात वाणात मिळालेली प्लॅस्टिकची चाळणी. मागच्या दाराने कधी तरी निघून गेल्या होत्या. काकांनी डोळे उघडले. काकूंकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. पुन्हा काकूंकडे बघितलं, आणि मला म्हणाले, "मग आत कोन झोपलंय?"

मला हसू फुटलं. कुणालाही फुटलं असतं. काकांनी उठून पडदा बाजूला केला. खाट रिकामी, घोंगडं घडी केलेलं, आणि श्वास मात्र चालूच. जरा वर चढायचा, जरा थांबल्यासारखा व्हायचा, मग घरघर करत खाली यायचा. ते त्या आवाजामागे चालत माझ्या दारापर्यंत आले आणि टेबलाखाली वाकून बघू लागले. तेव्हा मला त्यांचं तोंड दिसलं आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"कवा गेलीस?" त्यांनी काकूंना विचारलं.

"तुमी जेवून खुर्चीत बसला, तवाच."

काका टेबलाचा आधार घेत उठले. मग मला म्हणाले, "आज ती हळदीकुंकवाला गेली हुती. उद्या ती आत पडंल, आन् मी भाईर ह्या डब्याचा श्वास ऐकत बसंन. कळनार बी न्हाय मला." आणि मग, माझ्याकडे न बघता, "अमावस्येपर्यंत ह्याचा आवाज बंद करा. न्हाईतर दुसरी खोली बघा."

मी तापले. म्हटलं, "काका, अख्ख्या बोळात माग बडवतायत, कानाचे पडदे फाटायची वेळ आली, आणि तुम्हाला माझा एवढासा पंखा टोचतो?"

"मागाचा आवाज मागासारखा हाय," काका म्हणाले. "ह्याचा हिच्यासारखा हाय."

त्या पेठेत एकट्या बाईला खोली मिळवताना माझ्या नाकी नऊ आले होते. ही गेली तर दुसरी कुठली, या विचाराने त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. टेबल हलवून बघितलं. दुसऱ्या बाजूला मोरी, आणि पत्र्यावरून आवाज फिरून तिकडेच जायचा. दुपारपुरतं मशीन बंद ठेवावं, तर छापखानेवाले दुपारीच तर फोन करतात.

आवाज बंद करायची जबाबदारी माझी होती, पण काकांना कुठला धीर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासून आले तर काका बादली घेऊन माझ्या टेबलाभोवती पाणी शिंपडत होते. मागाच्या खोलीत उन्हाळ्यात असंच करतात, जमीन ओली ठेवली की सूत तुटत नाही. "ताप उतरंल ह्याचा," म्हणाले. टेबलाखाली वायरींचं जाळं, त्यात पाणी, आणि त्यात मी अनवाणी. मी पलंगावर चढून जे काही बोलले ते इथे लिहीत नाही. काका शांतपणे म्हणाले, "बरं, ऱ्हायलं," आणि उरलेलं पाणी तुळशीला घालून आले.

दोन-तीन दिवसांनी मी प्रूफ द्यायला छापखान्यात गेले होते. कॉम्प्युटर चालू ठेवून गेले, ही माझी चूक. परत येते तर काका माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेले, चेहऱ्यावर मोठा आनंद, आणि टेबलाखाली माझा सीपीयू दोन जाड सोलापुरी चादरींत गुंडाळून, वरून सुतळीने बांधून ठेवलेला. ताप आलेल्या पोरासारखा.

"ऐका," काका म्हणाले.

ऐकलं. खरंच काही आवाज नव्हता. स्क्रीनही काळी होती.

"झालं की शांत."

"काका, बंद पडलंय ते," मी म्हटलं. माझी अर्धी पत्रिका आत अडकली होती, जीव तळमळत होता. "मेलं ते. मारलंत तुम्ही."

त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच कसंतरी झालं. ते गुडघ्यांवर सरकत गेले, सुतळी सुटेना तर दातांनी तोडली, चादरी ओढून काढल्या आणि पत्र्यावर तळहात ठेवला. चटकन मागे घेतला. "श्वास कोंडला की ह्याचा," असं पुटपुटले. मग स्वयंपाकघरातून सूप आणून त्याने सीपीयूला वारा घालत बसले. काकू पलीकडून ओरडल्या, "मला कधी घातला न्हाय असा वारा." काकांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. कॉम्प्युटर नंतर सुरू झाला. मुंजीच्या पत्रिकेतले मामा-मावश्या मात्र मला पुन्हा गोळा करावे लागले.

मग तेल. जॉबरच्या दुनियेत तेलाने सुटत नाही असा प्रश्न नाही. मी आंघोळीला गेले असताना त्यांनी जाळीतून पंख्यावर मागाचं तेल सोडलं. आणि काय सांगू, पंखा मऊ झाला. आवाज निम्म्यावर आला. काकांनी पेढे आणले, मीही दोन खाल्ले. मला वाटलं, सुटले बाई. पण तिसऱ्या दिवशी तो असा काही कण्हायला लागला की आधी नुसता दमा होता, आता खोकलाही झाला. चौकातला रिपेअरवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मॅडम, ह्याला इकडं तेलाचा डबा म्हणून विका आणि नवीन घ्या." नवीन घेण्याची माझी ऐपत असती तर मी त्या बोळात कशाला राहिले असते?

अमावस्या जवळ आली होती. मी मोबाईलवर बघून बघून सीपीयूचं झाकण उघडलं. काका समोर चटई टाकून बसले, हातात स्क्रूड्रायव्हर तयार.

आत पंखा दिसतच नव्हता. पंख्यावर आणि खालच्या पत्र्यांच्या जाळीत राखाडी रंगाची गादी बसली होती. तेलाने ती आणखी चिकट झाली होती. मी कडेने बोट घालून उचललं तर ती अख्खीच्या अख्खी निघाली, भाकरीएवढी. काकांनी हात पुढे केला. मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

"हे कुटनं आलं?" त्यांनी विचारलं. मला वाटतं त्यांना माहीत होतं.

"हवेतून. दार-खिडकी उघडी असते. सगळ्या मागांची लव."

ते तिच्याकडे बघत राहिले. बोटाने दाबून बघितली. "डॉक्टरनं हिचा फोटू काडला हुता छातीचा," म्हणाले. "म्हनला, हे बघा, साचलंय. मला काय दिसलं न्हाय. नुसतं काळं-पांढरं." मग गादी उलटी करून म्हणाले, "असं दिसतंय व्हय ते." आणि उघड्या सीपीयूकडे बघून, "ह्याचं निघालं."

त्यांनी ती गादी दुमडून सदऱ्याच्या खिशात ठेवली. कशाला ठेवली, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

मग मात्र आम्ही दोघांनी मनावर घेतलं. काकांनी सायकलचा पंप आणून आतले कोपरे फुंकून काढले. मी रॉकेल लावलेल्या कापसाने तेल पुसलं. पंखा कमी वेगाने फिरवायची सोय कॉम्प्युटरमध्येच असते, ती शोधून काढायला मला दोन दिवस लागले. तरी एक गुणगुण राहिलीच. काकांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावून सगळीकडे ऐकलं आणि हार्डडिस्कवर बोट ठेवलं. "ही थरथरतीया, आन् तिच्यासंगं सगळा डबा रडतोय." त्यांनी तिचे स्क्रू काढले आणि चड्डीच्या इलॅस्टिकच्या चार पट्ट्यांवर ती आतल्या आत टांगली, पोराला झोळीत घालतात तशी. मी म्हटलं, हे काही टिकायचं नाही. ते म्हणाले, नाही टिकलं तर नवीन इलॅस्टिक आणू. सीपीयूच्या पायांखाली मागाच्या जुन्या चामडी पट्ट्याचे तुकडे ठेवले. झाकण लावलं. बटण दाबलं.

काही नाही. नुसता छोटा दिवा लागला. मी टेबलाखाली वाकून बघितलं, पंखा फिरत होता. आवाज मात्र येत नव्हता. मला एवढा आनंद झाला की मी काकांच्या पाया पडले. एरवी मी कुणाच्या सहजी पाया पडत नाही.

काकांनी लगेच परीक्षा घेतली. काकूंना शेजारी पिटाळलं, माझा कॉम्प्युटर चालू ठेवला, आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. किती वेळ तरी बसले. "कायबी न्हाय," म्हणाले. "खाट रिकामी हाय." मग काकूंना बोलावून आत निजायला लावलं. काकू कटकट करत आडव्या झाल्या. पडद्यामागून श्वास यायला लागला. काकांचे मिटलेले डोळे ओले झाले होते. बाहेर बोळात सगळे माग धडधडत होते, आणि हा माणूस त्यातून एक श्वास वेचून ऐकत होता.

"खोली तुमचीच," ते मला म्हणाले. "कुटं जाऊ नगा."

त्यानंतर ते रोज दुपारी दारात येऊन विचारायचे, "चालू हाय का?" मी म्हणायची, "चालू आहे." "कळत बी न्हाय," असं म्हणून खूश होऊन खुर्चीत जाऊन बसायचे.

पंधरा-वीस दिवस गेले असतील. काकूंचा चेहरा मला ओढल्यासारखा दिसायला लागला. एका दुपारी काका दळण टाकायला चौकात गेले होते. त्यांनी निघताना मला बजावलं होतं, मी येईस्तोवर तिच्यापाशी बसा. मी ताक घेऊन गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी विचारलं, "काकू, झोप होत नाही का?"

त्या ताक प्यायल्या. पेला खाली ठेवला. पडद्याकडे बघितलं.

"कुनाला सांगू नगंस," म्हणाल्या. "मी दुपारची झोपत कुटं हुते? तू यायच्या आधी रोज डोळं मिटून पडायची आन् मोठमोठ्यानं श्वास घ्यायची. ह्यांना भाईर ऐकू जावा म्हनून. जरा हळू घेतला की पडदा हालायचा. ऐकू आला की जीव थाऱ्यावर ऱ्हातोय त्यांचा, दोन घास जेवत्यात, बसल्या जागी डुलकी बी काडत्यात. मग तुझं मशीन आलं." त्या हसल्या, तेवढ्याने त्यांना थांबावं लागलं. "पयल्या दोन दिवसांतच कळलं मला, हे त्यालाच मी समजत्यात. म्हटलं, लई बरं झालं. ते घेतंय तर घेऊ दे. मी आपली कुशीवर वळून गाढ झोपायची. किती दिसांनी झोपले असंन दुपारची."

डोक्यात सगळा गुंता झाला होता. कुणासाठी केलं आम्ही ते सगळं?

"आणि आता?" मी विचारलं.

"आता परत मीच घेते."

"मग मला एका शब्दाने सांगायचं नाही का काकू? ते पाणी, ते तेल, चादरी, इलॅस्टिक…"

"कसं सांगू? त्या दिवशी त्येंचं तोंड बघितलंस न्हवं तू?"

मी म्हटलं, "पंखा परत जोरात करायला मला एक मिनिट लागतं. आत्ता करते. मशीन आहे, बिघडलं म्हणू."

काकू विचारात पडल्या. त्यांना मोह झाला होता, मला दिसत होतं. हात उशीवरून फिरत होता. मग त्यांनी मान हलवली. "नगं. आता आवाज आला की हे कान लावून बसनार, ह्यातला माझा कुठला आन् त्याचा कुठला म्हनून. दोन्ही ऐकत ऱ्हातील आन् झुरतील. आता एकच ऐकायचा हाय त्यांना. ऱ्हाऊ दे."

बोळात चपला वाजल्या. काकांच्या चपला मलाही ओळखू यायला लागल्या होत्या. काकू लगबगीने खाली सरकल्या, भिंतीकडे तोंड केलं, घोंगडं खांद्यावर ओढलं आणि सुरू झाल्या. लांब, भरून, सावकाश. एकेक श्वास आत ओढताना त्यांचा खांदा वर उचलला जात होता आणि मानेची शीर ताणली जात होती. त्यांना किती कष्ट पडतात ते मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं.

मी पाय न वाजवता पडद्याबाहेर आले. काकांनी पिशवी खुंटीला लावली होती आणि ते खुर्चीत बसत होते. मान तिरकी केली. ऐकलं. सगळा चेहरा सैल झाला.

"झोपली?" त्यांनी हळूच विचारलं.

"झोपल्या," मी म्हटलं.

"लई ग्वाड झोपलीया," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.